अक्कांचा डबा कॅमेरा

सुरुवातीलाच माफी मागतो. अक्कांविषयी लिहिण्याचा अधिकार माझ्यापेक्षा चेतनचा जास्त आहे. चेतन म्हणजे जळगावला कॉलेजात असताना अक्कांच्या घरी वरच्या खोलीत माझ्याबरोबर भाड्यानं राहणारा मुलगा. अक्कांच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून फोटो चिकटवलेले असत. त्यात चेतनचे तीन-चार होते, माझा एकही नव्हता. ज्याचा त्या दारावर फोटो नाही त्यानं अक्कांविषयी लिहायला बसावं, हे बरोबर दिसत नाही, ते मला कळतं. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. असं काही लिहायचं तर कसं लिहितात, हे विचारायचं कुणाला? पण चेतन लिहिणार नाही. तो बोलतो, हसतो आणि विसरून जातो. मी विसरत नाही. एवढ्याच भांडवलावर लिहितो आहे.

अक्का मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बोलणं अजून वर्गातलंच होतं. डावीकडे, उजवीकडे हे शब्द त्यांना चालत नसत. साखरेचा डबा फळीवर पूर्वेला असायचा. दारावर येणाऱ्या भाजीवाल्याला त्या सांगत, "ती वायव्येकडची जुडी दे." तो बिचारा हातगाडीवरच्या सगळ्या जुड्यांना एकेक करून हात लावत जायचा आणि अक्का मान हलवत राहायच्या.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. चेतननं एकदा सरळ विचारलं, "अक्का, तू लग्न काबरं नाही केलं?" तो पहिल्या आठवड्यापासून त्यांना 'तू' म्हणायचा. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

अक्का म्हणाल्या, "केलं असतं रे. एक मुलगा पसंत होता. पण तो फोटोत हलला."

हे खरं की खोटं, कोण जाणे. पण त्यांच्या कॅमेऱ्यापुढे हलणं हा खरोखरच मोठा अपराध होता.

त्यांच्याकडे तसे तीन जुने कॅमेरे होते. दोन नुसते शोभेचे, एक चालणारा. कॅमेरा म्हणजे काळ्या रेक्झिनचा चौकोनी पत्र्याचा डबा, वर पट्ट्याची मूठ. दुरून बघणाऱ्याला वाटावं, बाई जेवणाचा डबा घेऊन निघाल्या आहेत. पुढे बारकं भिंग, बाजूला एक खटका आणि रोल फिरवायची चावी. मागे लाल काचेची बारीक खिडकी, तिच्यातून रोलच्या कागदावरचा आकडा दिसायचा. फोटो काढताना डबा पोटाशी धरायचा आणि वरच्या टिकलीएवढ्या काचेत खाली मान घालून बघायचं. त्या काचेत जग उलटं दिसे. पश्चिमेचा माणूस पूर्वेला जाई. भूगोलाच्या बाईंना असला कॅमेरा का आवडावा, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

त्यात ना प्रकाश कमीजास्त करायची सोय, ना अंतर जुळवायची. त्यामुळे अक्का सकाळी नऊच्या सुमारासच फोटो काढत. माणसाला उन्हात उभं करत आणि आपण सूर्याकडे पाठ करत. अंतरासाठी त्यांच्याकडे परकराची जुनी नाडी होती. तिचं एक टोक कॅमेऱ्याला बांधलेलं. दुसऱ्या टोकाची गाठ त्या समोरच्या माणसाच्या नाकाला लावत, नाडी ताणून बघत, मग सोडून देत. गल्लीतल्या बहुतेक सगळ्यांच्या नाकाला ती गाठ लागलेली होती. पोस्टमन, इस्त्रीवाला, समोरच्या घरातले वकील, एसटीतून निवृत्त झालेले एक नाना. त्या नानांना दर वर्षी वाटायचं की ही नाडी धुवायला हवी. पण बोलण्याची त्यांची हिंमत नव्हती.

"श्वास पोटात ठेवा," अक्का म्हणायच्या. खटका दाबेपर्यंत त्या स्वतःही श्वास घेत नसत. आणि खटका पडला की असा मोठा सुस्कारा टाकत की समोरच्याला वाटावं, आपल्यावर शस्त्रक्रिया झाली.

फोटो धुऊन आला की त्याचा मोठा आकार कधी करायच्या नाहीत. फिल्म जेवढी तेवढाच फोटो, तळहातावर मावणारा. एक प्रत त्या माणसाला देत आणि एक कपाटाच्या दाराला आतून लावत. लुगडं काढायला कपाट उघडलं की सगळी गल्ली समोर उभी. चेतन तिथं फैजपूरच्या बसमधून उतरताना होता, छतावर पतंगाच्या मांज्यात अडकलेला होता, आणि एकात नुसता भरीत खात बसलेला होता. भरीत खाताना! मला वाटायचं, ह्यात काय आहे फोटो काढण्यासारखं?

मी यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला. आमचं शेत पावसावरचं. उरलेले दिवस आई-बाप फैजपूरकडच्या केळीच्या बागांत कामाला जातात. चेतनच्या घरी तशीच बाग आहे. तो हे कधी बोलला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण तो अक्कांचा फ्रीज न विचारता उघडायचा. मी तीन वर्षांत एकदाही उघडला नाही. फ्रीजच्या दारात लिंबांच्या शेजारी अक्कांचे फिल्मचे रोल असत. जळगावच्या उन्हाळ्यात ते बाहेर टिकत नाहीत. चेतन लिंबू घेताना रोल हातात घेऊन दाबून बघायचा. अक्का ओरडायच्या, "ठेव ते, चेत्या! भरताच्या वांग्यासारखा काय दाबून बघतोस?" त्या ओरडण्यात राग नसायचा. मला कोणी तसं ओरडावं असं फार वाटायचं.

मला कामं मिळायची. विजेचं बिल, गॅसचा नंबर, रक्तदाबाची रोजची गोळी. गोळी त्या विसरायच्या, म्हणून सकाळी पाणी आणि गोळी घेऊन मी त्यांच्यापुढे उभा राहायचो. घराची दुसरी किल्ली माझ्याकडे होती. "हा आहे म्हणून मला घोर नाही," असं त्या शेजारणीला सांगताना मी ऐकलं आहे. त्या वेळी मला ते कौतुक वाटलं नाही. मला वाटलं, चांगला गडी मिळाला की असंच बोलतात.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे रीळ.

त्यांच्या कॅमेऱ्याला लागणारा रोल जगात आता कुठे होत नाही. आज मिळणारी फिल्म तेवढ्याच रुंदीची असते, पण तिचं प्लास्टिकचं रीळ किंचित जाड. त्या डब्यात ते बसत नाही. जुनं रीळ पत्र्याचं, बारीक कण्याचं. म्हणून मुंबईहून नवा रोल मागवायचा आणि पूर्ण अंधारात ती फिल्म प्लास्टिकवरून काढून जुन्या पत्र्याच्या रिळावर गुंडाळायची. कॅमेऱ्यात अशी दोन रिळं लागतात, एक भरलेलं आणि एक रिकामं. अक्कांकडे दोनच उरली होती. रोल संपला की फिल्म त्यातल्या एका रिळावर गुंडाळलेली असे, आणि ती तशीच पुण्याला धुवायला पाठवावी लागे. पाकिटावर त्या लाल शाईनं लिहायच्या, 'फिल्म बिघडली तरी चालेल, रीळ परत पाठवणे.'

हा रोल भरायचा कार्यक्रम कोठीच्या खोलीत होई. खिडकीला पोतं, वर गोधडी, आणि गोधडीच्या आत हात. फिल्म कागदाच्या आत असते. गुंडाळताना ती फुगते, आणि तो फुगवटा बोटांनी सपाट करत न्यावा लागतो. अक्कांची बोटं संधिवातानं आखडली होती. त्यांनी पहिल्यांदा माझे हात हातात घेऊन बघितले. बोटांवरून अंगठा फिरवला.

"तुझ्या बोटांना खरखर आहे रे. चरे पडतील फिल्मवर."

खोटं नव्हतं. सुट्टीत मी घरी गेलो की निंदणी, कापणी सगळं करायचो. चेतनची बोटं मऊ होती. तो गोधडीत गेला. माझ्याकडे दाराच्या फटीचं काम आलं. दार नीट बसत नसे, म्हणून मी बाहेरून दाराला पाठ लावून फटीवर चादर धरून बसायचो. आतून त्यांचं बोलणं ऐकू यायचं.

"चेत्या, सरळ घे, दक्षिणेला ओढू नको!"

"अक्का, गोधडीत कसली आली दक्षिण? मले माझा हात दिसत नाही."

"दक्षिण अंधारातही दक्षिणच असते, गाढवा."

मग दोघंही हसायचे. मी बाहेर बसून चादर घट्ट धरायचो. एकदा तर वाटलं, सोडून द्यावी. पण सोडली नाही. माझ्याच्यानं असलं काही होत नाही, आणि ते होत नाही म्हणून माझ्याकडे कोणी बघत नाही, असं मला त्या वयात वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

तिसऱ्या वर्षी चेतन मित्रांबरोबर पुण्याला निघाला होता. अक्का म्हणाल्या, रोल तूच देऊन ये आणि तयार फोटो घेऊन ये. मी म्हटलं, मी पाठवतो ना कुरियरनं, नेहमीसारखा. पण चेतन रोल खिशात टाकून गेला. चार-सहा दिवसांनी परत आला. फोटो आणले होते, फिल्म आणली होती.

"रीळ?" अक्कांनी विचारलं.

चेतननं खिसे चाचपले. मग पिशवी उपडी केली. "अक्का, त्यांनी दिलंच नाही."

"तू मागितलंस का?"

"नाही मागितलं." आणि मग तो खरं तेच बोलला. "मी विसरलो अक्का. पूर्ण विसरलो."

पुण्याला फोन लावला. रिळं रोज कचऱ्यात जातात, असं तिकडून सांगितलं. म्हणजे एक रीळ उरलं. एका रिळावर कॅमेरा चालत नाही. ज्या कॅमेऱ्यानं अक्कांनी सगळी गल्ली श्वास रोखून उभी केली, तो त्या दुपारी शोभेच्या दोघांत तिसरा जाऊन बसला.

आता अक्का काय करतात म्हणून मी बघत राहिलो. खरं सांगायचं तर वाट बघत राहिलो. त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग चेतनच्या तोंडाकडे बघितलं. तो इतका काळवंडला होता की अक्कांना हसू फुटलं. "अरे, तू स्वतःला विसरून आला नाहीस पुण्यात, हेच पुष्कळ," म्हणाल्या आणि त्याला जवळ ओढून त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. संध्याकाळी शेवभाजी केली, त्याच्या आवडीची.

मी जेवलो नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं. त्यांनी मला ओव्याचं पाणी दिलं. रीळ हरवल्याचं दुःख मलाही होतंच. पण खरी गोष्ट वेगळी होती. मी इतकी वर्षं एकही चूक केली नव्हती आणि त्यामुळे मला एकदाही माफी मिळाली नव्हती. ती कशी असते हे मी समोर बसून बघत होतो.

त्या रविवारी मी धुळ्याला गेलो. उरलेलं रीळ बरोबर न्यायची जोखीम नको, म्हणून ते कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवली आणि तो कागद घेऊन निघालो. जळगावातल्या जुन्या स्टुडिओंत मी आधीच विचारून आलो होतो. धुळ्यात दुपारपर्यंत फिरलो. कोणी म्हणालं रीळ म्हणजे काय, कोणी म्हणालं मोबाइलमध्ये काढ ना भाऊ. शेवटी एका जुन्या पेठेत एक आबा भेटले. त्यांच्या दुकानात आता पासपोर्ट फोटो आणि कपांवर फोटो छापणं चालतं. मी कागद दाखवला.

"रिकामं रीळ पाहिजे? फिल्म नही पाहिजे?"

"नाही आबा. नुसतं रीळ."

आबांनी आतल्या दाराकडे तोंड करून अहिराणीत हाक दिली, "अवं, ऐकस का! हाऊ पोऱ्या जयगावथून उना शे, रिकामं रीळ लेवाले!"

आतून शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला. आजी बाहेर आल्या. त्यांच्या हातात तेच होतं. पत्र्याचं, बारीक कण्याचं, वर काळा दोरा गुंडाळलेला. मी कागद पुढे केला, त्यांनी रीळ त्या गोलावर ठेवलं. तंतोतंत बसलं.

"हाई मना दोरानं शे," आजी म्हणाल्या. "मी नही देस."

मला घासाघीस येत नाही. नुसता उभा राहिलो. आबा म्हणाले, "दी टाक वं, पोऱ्या रडी पडी आते." मग आजींनी अट घातली. दोरा एक वीतही न तोडता दुसऱ्या कशावर तरी गुंडाळून द्यायचा. मी दुकानाच्या पायरीवर बसलो, वर्तमानपत्राची सुरळी केली आणि त्यावर तो दोरा गुंडाळत राहिलो. आजी मधूनमधून येऊन बघून जात होत्या. "चांगला शे रे तुना हात," एवढं म्हणाल्या. त्या हातांना त्याआधी चांगलं कोणी म्हटलं नव्हतं.

जळगावला परतलो तेव्हा अक्का ओसरीवर बसल्या होत्या. मी रीळ त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते बोटांनी फिरवून बघितलं, कण्यातून आरपार बघितलं, नखानं वाजवलं. मग म्हणाल्या, "चेत्याला येऊ दे. त्याच्यासमोरच लावून बघू."

मी वर खोलीत जाऊन बसलो.

पण न्याय करायचा तर पुढचंही सांगायला हवं. चेतन आला, त्यानं मला उचलून गोल फिरवलं, आणि अक्का म्हणाल्या, "नव्या रोलवरचा पहिला फोटो ह्याचा. उद्या सकाळी."

सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात उतरलो. ऊन चांगलं होतं. अक्कांनी नाडी हातात घेतली. "ये."

आमच्या घरी कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं असतं. चहा असो, भाकरी असो. समोरच्यानं आग्रह करायचा, आपण पुन्हा नको म्हणायचं, मग घ्यायचं. पहिल्याच हाकेला हात पुढे केला तर आई घरी आल्यावर बोलायची. ते माझ्या अंगात इतकं भिनलेलं होतं की मी म्हणालो, "नको अक्का. आधी चेतनचा काढा."

अक्का म्हणाल्या, "बरं."

त्या शाळेतल्या बाई. नको म्हणजे नको. चेतन तोंडात ब्रश घेऊन जिन्यावर उभा होता. त्यांनी त्याच्या नाकाला गाठ लावली, श्वास रोखला, आणि झालं.

बाकीचा रोलही असाच संपला. नानांचा नातू, वकिलांची नवी गाडी. मी रोज अंगणात दिसेल असा उभा राहायचो. त्या माझ्याकडे बघून हसायच्या आणि पुढे जायच्या. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली. मला पुढच्या शिक्षणासाठी धुळ्याला प्रवेश मिळाला. निघताना पाया पडलो आणि सगळं धैर्य गोळा करून म्हणालो, "अक्का, माझा फोटो राहिलाच."

"तू नको म्हणालास ना?"

"मी तसं नव्हतो म्हणालो."

"मग कसं म्हणालास?"

मी वाकून पिशवी उचलली. मग म्हणाल्या, "रोल संपला आहे रे. आणि जाणाऱ्यांचे काढते मी घाईघाईनं. चेत्या आज आहे, उद्या नाही, तसला मुलगा. तुझी काय घाई? तू येशीलच."

मी त्यावर विश्वास ठेवला नाही. वाटलं, न देणारा माणूस असंच गोड बोलतो. आणि गेलो नाही. धुळ्याहून जळगाव काही परदेश नाही, पण दर सुट्टीत मी जळगावच्या बसस्टँडवर उतरून तिथूनच यावलची बस धरायचो. मधे एकदा माझा फोन हरवला, नंबर बदलला. नवा नंबर मी अक्कांना कळवला नाही. चेतनलाही नाही.

परवा धुळ्याच्या बसस्टँडवर मागून कोणीतरी पाठीत थाप मारली. चेतन. मामेबहिणीच्या लग्नाला आला होता. अंगानं सुकलेला. मी म्हटलं, चल चहा घेऊ. त्यानं पहिल्याच हाकेला हो म्हटलं.

चहा आल्यावर तो म्हणाला, "अक्का गेली रे. महिना होऊन गेला."

मला एकदम काही समजलं नाही. स्टँडवर नंदुरबारच्या गाडीची घोषणा चालू होती, ती मी पूर्ण ऐकली.

"झटका आला होता पावसाळ्यात," तो म्हणाला. "अंथरुणावरच होती. पुतण्या येऊन-जाऊन. मी वरच राहत होतो अजून, मग मीच बघायचो. जेवण, औषधं, सगळं."

"मला कळवायचं नाही?"

"तुझा नंबर कुठी होता?"

"गावी निरोप देता आला असता. फैजपूरहून यावल किती लांब आहे?"

"देता आला असता," तो म्हणाला. ग्लास टेबलावर ठेवून त्यानं तो गोल गोल फिरवला. "नाही दिला."

"का?"

"तिला माणसं ओळखू येत नव्हती. पहिल्या दिवशी मी गोळी घेऊन गेलो, तर तिनं तुझ्या नावानं हाक मारली. मी म्हटलं, अक्का, मी चेत्या. तर तोंड फिरवलं. गोळीच घेईना. दुपारीही घेईना. संध्याकाळी पुन्हा तुझं नाव घेतलं, तव्हा मी ओ दिली. घेतली मग गोळी." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "मग रोज तेच. शेवटपर्यंत. तू आला असता, तर मला पुन्हा चेत्या व्हावं लागलं असतं. तिला चेत्या नको होता."

त्यानं डोळे पुसले. मला रडू आलं नाही. मला, खरं सांगतो, त्या क्षणीही त्याचा हेवाच वाटला. अक्का इतके दिवस मला हाक मारत होत्या आणि ती हाक ऐकायला तोच होता.